व्हायोलिनचा पिकअप प्रीअँपला जोडताना: घोडीपासून मॉनिटरपर्यंत

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एका मांडवात भावगीतांच्या कार्यक्रमाला साथीला बसलो होतो. व्हायोलिनच्या घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याला, नवा पिकअप (कंपनाचा विद्युत सिग्नल करणारी पट्टी) बसवला होता आणि त्याची केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये गेली होती. पहिला सूर लावला आणि स्पीकरमधून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. साऊंडवाल्या दादांनी ट्रेबल कमी केली, बेस वाढवला, पुन्हा ट्रेबल कमी केली. कर्कशपणा थोडा झाकला गेला, पण खालच्या तारेतला भरीवपणा शेवटपर्यंत आला नाही. पिकअपच वाईट निघाला असं समजून मी तो काढून ठेवणार होतो. आठवड्याभराने एका गिटारवादक मित्राकडे त्याच्या ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये तोच पिकअप, तीच केबल लावली, आणि माझं व्हायोलिन मला जसं कानाशी ऐकू येतं तसं हेडफोनमध्ये ऐकू आलं.

त्या दोन सॉकेटांत नेमका काय फरक होता, हे कळलं की या विषयाचं निम्मं काम होतं. म्हणून आधी तेवढंच जरा सविस्तर सांगतो. लेख व्हायोलिनभोवती फिरतो, कारण माझ्या हातात तेच आहे. गिटार, मँडोलिन, सतार यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

पहिलं सॉकेट सगळं ठरवतं

घोडीला लागणारे बहुतेक पिकअप पिएझो जातीचे असतात. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. तार थरथरते, घोडी थरथरते, पिएझोच्या पट्टीवर दाब कमीजास्त होतो आणि तेवढाच इवलासा भार वायरीत येतो. पिकअपमध्ये एवढंच घडतं. तो भार फार थोडा असतो आणि त्याला जपून वापरणारं इनपुट लागतं.

ज्या विहिरीला पाझर कमी आहे तिच्यावर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला तर पाणी लगेच तुटतं. मिक्सरचं लाइन इनपुट पिएझोसाठी तसा पंप आहे. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, साधारण १० किलोओहम असतो, माइक इनपुटचा तर दीड-दोन किलोओहमच. इम्पीडन्स जितका कमी, तितका भार लवकर वाहून जातो. खर्जातल्या सुराची लाट सावकाश चालते, ती पूर्ण होईपर्यंत भार टिकायला हवा, आणि नेमका तोच टिकत नाही. तारसप्तकातल्या झटपट लाटा कशाबशा पोचतात. म्हणून आवाज पातळ आणि टोचरा होतो.

आकड्यांत बघू. समजा पिकअपची कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) १ नॅनोफॅरड आहे. १० किलोओहमच्या इनपुटला लावल्यावर सुमारे १५,९०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. पाश्चात्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनची सगळ्यांत खालची तार १९६ हर्ट्झची असते, ती ३८ डेसिबलने खाली जाते. कान जिथे सर्वांत तिखट असतो त्या ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात मात्र घट फक्त १५ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे कर्कश भाग गाभ्यापेक्षा २३-२४ डेसिबलने वर उठून बसतो. मिक्सरचा बेसचा नॉब साधारण १५ डेसिबलपर्यंतच वाढवता येतो, त्यामुळे त्या दिवशी दादांनी कितीही फिरवला असता तरी गेलेलं परत आलं नसतं.

तोच पिकअप १ मेगओहमच्या इनपुटला लावला तर उतार १५९ हर्ट्झपासून सुरू होतो आणि खालच्या तारेचे जेमतेम २ डेसिबल जातात. १० मेगओहमला लावला तर उतार १६ हर्ट्झवर जातो. तिथे व्हायोलिनचा काही संबंधच उरत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: पिएझोसाठी किमान १ मेगओहम, आणि मिळत असेल तर १० मेगओहम. प्रीअँपचं, म्हणजे पिकअप आणि मिक्सर यांच्यामधल्या छोट्या डब्याचं, पहिलं काम हे इनपुट देणं. टोन, नॉच (एखादा घुमणारा सूर तेवढा कापणारा नॉब), व्हॉल्यूम वगैरे सगळं त्याच्यानंतर.

तुमचा पिकअप कोणता, हे आधी तपासा

वाद्यात कुठेतरी ९ व्होल्टची बॅटरी बसते का? बसत असेल तर तो ॲक्टिव्ह आहे, म्हणजे प्रीअँप आतच आहे. गिटारच्या कुशीवर ट्यूनर आणि टोनचे नॉब असतात तो प्रकार हाच. त्याला बाहेर १० मेगओहमची गरज नाही, साधा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक लाइनला जुळवून देणारा डबा) पुरतो. मात्र यातल्या बहुतेक वाद्यांत केबलची पिन आत गेली की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा. रात्रभर लावून ठेवलेली गिटार सकाळी मुकी सापडते.

बॅटरी नसेल तर पॅसिव्ह. व्हायोलिनचे बहुतेक पिकअप असेच असतात: घोडीच्या कडेच्या खाचेत बसणारी पट्टी (फिशमनचा व्ही-२०० या जातीचा आहे), किंवा पिएझो आतच बसवलेली अख्खी घोडी. बाजारात बझरच्या पितळी चकत्याही मिळतात आणि पुष्कळ जण त्या चिकटवून वापरतात. २७ मिलिमीटरच्या चकतीची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या आसपास असल्याने ती कमी इम्पीडन्सही जास्त सहन करते. सरावाला ठीक आहे. पण तिला नीट शील्डिंग केलेलं नसेल तर मंचावर लाइटच्या डिमरची गुणगुण ती बिनचूक पकडते.

गिटारच्या तोंडात अडकवायचा चुंबकीय पिकअप वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याला १ मेगओहम भरपूर झालं.

खाचेत बसणारी पट्टी लावताना घाई करू नका. ती खाचेत घट्ट बसली पाहिजे, पण जोर लावून ठोसायची नाही, कारण घोडीचा कान तिथे नाजूक असतो. बसवल्यावर तारा पुन्हा सुरात लावा आणि घोडी बाजूने बघा. तारा ताणताना घोडी हळूहळू बोटपट्टीकडे कलते आणि हे नवीन पिकअप लावण्याच्या गडबडीत लक्षातच येत नाही. घोडीवर वजन वाढलं की ध्वनिवर्धकाशिवायचा आवाजही किंचित दबतो. तेवढं मान्य करावं लागतं.

प्रीअँप निवडताना

पेटीवर किंवा माहितीपत्रकात इनपुट इम्पीडन्स बघा. तो आकडाच दिला नसेल तर ती वस्तू घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय आणि फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू हे दोन्ही १० मेगओहमचे आहेत आणि दोन्हींत टोनसोबत नॉच आणि फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण आहे. रेडिअलच्या पीझेड-डीआयला २२० किलोओहम, १ मेगओहम आणि १० मेगओहम अशी निवड करता येते, त्यामुळे एकाच डब्यावर चुंबकीय आणि पिएझो दोन्ही चालतात. याच कामाचे इतरही पुष्कळ आहेत. इनपुटचा आकडा, नॉच, लो कट (ठरावीक सुराच्या खालचं सगळं कापणारी सोय), फेज आणि कॅनन (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं) आउटपुट एवढं असेल तर कोणताही चालेल.

साऊंडवाल्यांच्या पेटीत जो डीआय बॉक्स असतो तो बहुधा पॅसिव्ह, म्हणजे आत फक्त ट्रान्सफॉर्मर. त्याचा इम्पीडन्स साधारण १४० किलोओहमच्या घरात असतो. कीबोर्डला तो उत्तम आहे, पिएझोला अपुरा. ‘आमच्याकडे डीआय आहे, तुम्ही काही आणू नका’ असा निरोप आला तरी आपला प्रीअँप पिशवीत असू द्या. प्रीअँपच्या पुढे तो डीआय लावला तर काहीच बिघडत नाही, कारण पिकअपची गाठ तोवर योग्य सॉकेटशी पडलेली असते.

केबल

पिकअपपासून प्रीअँपपर्यंत शील्ड असलेली, दोन्ही टोकांना पी-३८ (गिटारला असते ती पाव इंची) पिन असलेली केबल. लांबी तीन मीटरच्या आत. साध्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. चुंबकीय पिकअपची ट्रेबल लांब केबलमुळे मरते. पिएझोच्या बाबतीत तसं होत नाही, एकंदर आवाजच खाली येतो. आपल्या १ नॅनोफॅरडच्या पिकअपला तीन मीटरमध्ये सव्वादोन डेसिबल, आणि दहा मीटर लावली तर सहा डेसिबल, म्हणजे सिग्नल निम्मा. शिवाय या टप्प्यावर केबल नुसती सरकली तरी खरखर ऐकू येते. लांब अंतर प्रीअँपच्या पुढे, कॅनन केबलने पार करायचं. तिथे वीस-तीस मीटरचाही त्रास नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. स्पीकरच्या केबललाही दोन्हीकडे पी-३८ असू शकते, पण तिला शील्ड नसते. ती चुकून लागली की हमच हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण. आणि पी-३८ ते कॅनन असा कन्व्हर्टर लावून पिकअप थेट माइकच्या लाइनमध्ये घालू नका. आवाज तर पातळ होतोच, पण त्या लाइनवर ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सर माइकच्या केबलमधून पाठवतो ती वीज) चालू असेल तर ते पिकअपपर्यंत जाऊ शकतं.

आपण मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवतो, तेव्हा जॅक छातीच्या जवळ येतो आणि झब्ब्याला, शालीला घासतो. ते घासणं स्पीकरमधून स्पष्ट ऐकू येतं. केबलचा एक सैल वळसा हनुवटीच्या पट्टीजवळ कापडी टेपने बांधा, म्हणजे ओढ जॅकवर येणार नाही आणि केबल अंगापासून दूर राहील. प्रीअँप उजव्या बाजूला, गजाच्या वाटेत येणार नाही पण हात पुरेल असा ठेवा.

मंचावर जोडण्याचा क्रम

साऊंडवाल्यांना आधी विचारा: ‘दादा, माझा चॅनल म्यूट आहे ना?’ हो म्हणाले की मगच पिना लावायच्या. आधी वाद्य ते प्रीअँप, मग प्रीअँपच्या कॅनन आउटपुटमधून मंचावरच्या बॉक्सपर्यंत. ही पातळी माइकची असते, म्हणून ती कन्सोलच्या, म्हणजे मिक्सरच्या, माइक इनपुटला जाते. प्रीअँप फँटमवर चालणारा असेल तर आता ४८ व्होल्ट चालू करायला सांगा आणि दहाएक सेकंद थांबा. मगच म्यूट काढायचा. हा क्रम चुकला की जो धमाका होतो त्याने स्पीकरचे ट्वीटर जातात आणि पहिल्या रांगेतली लहान मुलं दचकतात.

फँटम असलं तरी मी बॅटरी नवीच घालतो. कार्यक्रमाच्या मधेच कुणी कन्सोलवरचं फँटम बंद केलं तर वाद्य बंद पडत नाही. बॅटरी उतरली की पिकअप एकदम गप्प होत नाही. आधी जोरातले सूर फाटू लागतात, आणि आपण गजाला राळ जास्त झाली का ते बघत बसतो. ॲडॅप्टर वापरणार असाल तर व्होल्टेज आणि पिनची ध्रुवता प्रीअँपवर छापलेल्या खुणेशी जुळवा. पुष्कळ पेडलना मधली पिन ऋण असलेला ९ व्होल्टचा लागतो, आणि स्वस्त ॲडॅप्टर स्वतःचा हम सोबत घेऊन येतात.

आता गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते. साऊंडचेकला हळू छेडून ‘ठीक आहे’ म्हणू नका. कार्यक्रमात सर्वांत जोरात जे वाजवणार असाल, एखाद्या गाण्याच्या इंट्रोचा तुकडा किंवा ‘झाला’ या द्रुत वादनासारखं काही, ते वाजवा. प्रीअँपची क्लिपची (आवाज फाटतोय हे दाखवणारी) लाइट अजिबात लागता कामा नये. लागली की गेन थोडा मागे. त्यानंतर कन्सोलवाल्यांना त्यांचा गेन लावू द्या. डिजिटल कन्सोल असेल तर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिली की वर पुरेशी जागा राहते. यानंतर प्रीअँपच्या नॉबला हात लावायचा नाही. मधेच तुम्ही वाढवलंत तर मॉनिटर (मंचावर वादकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर), मुख्य स्पीकर, रेकॉर्डिंग सगळंच वाढतं आणि तिकडे दादा कमी करत बसतात.

टोन, आणि आपली बांधणी

सुरुवातीला सगळे नॉब मध्यावर. इम्पीडन्स बरोबर असेल तर टोनला फार काम उरत नाही. पिएझोचा टोचरेपणा व्हायोलिनवर साधारण अडीच ते चार हजार हर्ट्झमध्ये असतो. तिथे तीन-चार डेसिबल कमी करून ऐका. गजाची खरखर जास्त वाटली तर त्याच्या वरचा पट्टा अगदी किंचित खाली. वाढवण्यापेक्षा कमी करणं नेहमी बरं, कारण वाढवलेला प्रत्येक डेसिबल मॉनिटरमधून फीडबॅक होऊन परत येतो.

लो कटबद्दल मात्र एक गोष्ट कन्सोलवाल्यांना आवर्जून सांगा. व्हायोलिन म्हटलं की पुष्कळ जण कट १८० हर्ट्झच्या आसपास नेऊन ठेवतात. पाश्चात्य बांधणीला ते चालतं, कारण १९६च्या खाली तिथे काही नाही. आपण सा-प-सा-प लावतो तेव्हा गणित बदलतं. गायकाचा सा काळी एक असेल तर मंद्र षड्जाची तार सुमारे १३९ हर्ट्झला येते. १८०चा कट लावला की आलापीतला तो खालचा सा, जिथे सगळा मांडव शांत होतो, तिथेच आवाज पोकळ होतो. कट ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. डग्ग्याच्या घुमाऱ्याने मंचाच्या फळ्यांतून येणारी धडधड त्यात जाते आणि खर्ज शाबूत राहतो.

रिव्हर्ब शेवटी, थोडाच, आणि कन्सोलवरूनच.

फीडबॅक

व्हायोलिनच्या पोटातली हवा साधारण २७०-२८० हर्ट्झला घुमते आणि लाकडी शरीर ४०० ते ५५० हर्ट्झच्या पट्ट्यात. मॉनिटरमधला आवाज नेमक्या त्या सुरावर वाद्याला हलवतो, वाद्य पिकअपला हलवतं, आणि ‘घूं’ सुरू होतं. गिटारला हाच प्रकार १०० आणि २०० हर्ट्झच्या आसपास होतो.

उपाय या क्रमाने करा. आधी मॉनिटरची जागा. तो वाद्याच्या पोटाकडे रोखलेला नको, तुमच्या कानाकडे हवा. मग फेजचं बटण. ते दाबलं की मॉनिटरमधून येणारी हालचाल वाद्याच्या हालचालीला पूरक ठरते की विरोधी, हे उलटं होतं. कधी फरक पडतो, कधी पडत नाही, पण फुकटचा उपाय आहे म्हणून आधी करून बघावा. त्यानंतर नॉच. मॉनिटर हळूहळू वाढवत न्या, घुमायला लागलं की नॉचचा नॉब फिरवत तो सूर शोधा. जिथे घुमणं थांबतं तिथे सोडून द्या आणि मॉनिटर थोडा खाली आणा. एक नॉच पुरत नसेल तर दुसरा शोधण्याऐवजी मॉनिटरमधला आपला आवाजच कमी करून घ्या. तबला-पेटी जोरात असल्यामुळे आपण आपला आवाज वाढवायला सांगतो. त्याऐवजी माझ्या मॉनिटरमधली पेटी कमी करा, असं सांगितलं तर बहुतेक वेळा काम होतं.

पिकअपसोबत माइकही असेल तर मॉनिटरमध्ये फक्त पिकअप द्या आणि श्रोत्यांकडे दोन्हींचं मिश्रण. आवाजाला ३० सेंटिमीटर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. माइक तेवढा मागे पडतो आणि काही सूर एकमेकांना खातात. फेजचं बटण दोन्ही बाजूंना करून खालच्या तारेवर ऐका, जिथे आवाज भरीव वाटेल ती बाजू बरोबर.

हम आला तर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० आणि १०० हर्ट्झला येतो. प्रीअँपचं कॅनन आउटपुट कन्सोलला आणि पी-३८ आउटपुट तुमच्या स्वतःच्या ॲम्पला, असं दोन्हीकडे दिलं की अर्थिंगचे दोन रस्ते होतात आणि हम सुरू होतो. प्रीअँपवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण यासाठीच असतं, ते दाबा. लिफ्ट केल्यावर प्रीअँप बंदच पडला तर तो फँटमवर चालत होता. बॅटरी घाला.

हम घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक अजून भेटतात. ते कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. जनरेटरवरच्या मांडवात तीच पिन जीव वाचवते. माइकच्या जाळीला किंवा तारेला हात लागून झिणझिण्या आल्या तर वाद्य खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत हात लावू नका. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालतो.

सतार आणि पेटी

मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांनी इतक्या निगुतीने घडवलेल्या भोपळ्याला जॅकसाठी भोक पाडू नका. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, चिकटवायचा काँटॅक्ट पिकअप काढता येण्याजोग्या पुट्टीने लावा, आणि पॉलिश उचललं जात नाही ना हे आधी नजरेआडच्या जागी बघा. घोडीला अगदी खेटून लावला तर जवारीची धार जास्त येते, लांब गेला तर भोपळ्याचा घुमारा. सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवत ऐकलं की जागा सापडते. तरफेच्या तारा मॉनिटरच्या आवाजाने स्वतःहून वाजू लागतात, म्हणून सतारीला मॉनिटर व्हायोलिनपेक्षाही कमी लागतो. पेटीला पिकअप लावू नये असं माझं मत आहे. भात्याचे आणि पट्ट्यांचे ठोके सुरापेक्षा आधी ऐकू येतात. तिला माइकच चांगला.

कार्यक्रम संपल्यावर टाळ्यांच्या भरात पिना उपटू नका. म्यूट, मग फँटम बंद, मग काही सेकंद थांबून कॅनन, आणि शेवटी वाद्याची पिन. पट्टी घोडीतच राहू द्यायची असेल तर केबल मात्र काढूनच वाद्य पेटीत ठेवा. झाकण बंद करताना जॅकवर दाब आला की घोडी सरकते, आणि ते दुसऱ्या दिवशी रियाजाला बसल्यावरच कळतं.